सरांचा पाणवठा

आमच्या शाळेत त्यांचा विषय निघाला की आजही लोक हसतात. 'अवलिया माणूस होता,' असं म्हणतात आणि चहाचा कप पुढे ओढतात. या हसण्याची मला अलीकडे फार चीड येते. एखाद्याला अवलिया ठरवलं की त्याच्या म्हणण्याला उत्तर देण्याच्या जबाबदारीतून आपण सुटतो. ही सोय आम्ही सगळ्यांनीच वर्षानुवर्षं वापरली आणि सर्वांत जास्त मी वापरली. त्यामुळे चीड नेमकी कुणावर काढायची, हा प्रश्न मला फार वेळ पडत नाही.

ते भूगोल शिकवायचे. मूळचे गोंदियाकडचे. गुजराती मुलखातल्या, डिंडोलीच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत ते माझ्या आधी दोन वर्षं आले होते. मी परभणीहून आलो. शाळेतली मुलं बहुतेक यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, काही बांधकामावरच्या मजुरांची. घरात आपापल्या जिल्ह्याची मराठी बोलायची आणि मैदानावर सर्रास गुजराती. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत. राग आला की त्यांची भाषा थेट गोंदियाला जाऊन पोचे.

त्यांची पहिली ओळख नाकाला व्हायची. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत ते अंगाला साबण लावत नसत. डोक्याला तेल नाही, कपड्यांना नीळ नाही. मातकट रंगाचे चार सदरे होते, ते नुसत्या पाण्यातून काढायचे. एका वर्षी कार्यालयातल्या बाईंनी तक्रार केली आणि मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. सर शांतपणे म्हणाले, "आंघोळ मी रोज करतो. पण रविवारी जंगलात जायचं तर बुधवारपासूनच साबण सोडावा लागते. आता दर बुधवारी सोडायचा, तर सोमवारी तरी लावा काहाले?" मुख्याध्यापकांना यातलं काही कळलं नसावं. त्यांनी बाईंचं टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची ठरलेली जागा नव्हती. आत आले की ते क्षणभर उभे राहायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचे आणि वारा समोरून लागेल अशी खुर्ची फिरवून बसायचे. मुख्याध्यापक तंबाखूच्या किमामाचं पान खायचे आणि पंखा स्वतःच्या पाठीमागे ठेवायचे. मेमो द्यायला त्यांचं बोलावणं आलं की दारापर्यंत पोचण्याआधीच मला किमामचा वास येतो आणि बेत कळतो, असं सर सांगायचे. "अशा माणसाच्या हाती ससासुदिक लागणार नाही," हेही त्यांचंच.

पण त्यांचं सर्वांत गाजलेलं वेड पाणी पिण्याचं. पाणी पीत असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, रागवायचं तर नाहीच, असा त्यांचा दंडक होता. पोरांनी तो केव्हाच ओळखला होता. गृहपाठ नसला की पोरगं बाटली तोंडाला लावायचं आणि सर हात मागे बांधून बाटली संपण्याची वाट पाहत उभे राहायचे. एकाने एका दमात दोन बाटल्या संपवल्या. सर म्हणाले, "थांब, तिसरी मी भरून आणतो." आणि खरंच आणली. त्या पोराने पुढे वर्षभर गृहपाठ चुकवला नाही.

एकदा शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला आले. त्यांनी सरांना काही विचारलं तेव्हा सरांच्या हातात पेला होता. सरांनी बोट वर करून त्यांना थांबवलं, पेला सावकाश संपवला, तोंड पुसलं आणि मग उत्तर दिलं. अधिकारी संतापले. पाचच मिनिटांनी त्यांनी स्वतः पाणी मागितलं, आणि ते पीत असताना मुख्याध्यापक अगत्याने काही सांगू लागले, तर सर मध्येच म्हणाले, "साहेब पाणी पिऊन राहिले. मंग बोला." ही गोष्ट आम्ही किती वेळा सांगितली याला गणती नाही. मी तर त्यांच्या आवाजात सांगायचो. माझी नक्कल चांगली होते, असं सगळे म्हणायचे.

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, बसमध्ये. त्यांचे वडील शिकारी होते आणि घरात भरमार बंदूक होती. उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटतं आणि जनावरांना एका पाणवठ्यावर यावंच लागतं. तेव्हा वाऱ्याच्या खालच्या अंगाला लपण करून बसायचं आणि वाट पाहायची, ही त्यांच्या घरची रीत. बी.ए.च्या सुट्टीत सर गावी गेले तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा बंदूक त्यांच्या हातात दिली. चितळाची मादी आली, तिने इकडेतिकडे बघितलं, मान खाली घातली.

"पाणी तोंडात होतं," सर म्हणाले. "गोळी लागली तेव्हा आधी पाणी सांडलं. रक्त मागून आलं. वडील म्हणाले, शाब्बास. घरी आलो आणि मले दोन दिवस पाणी पिता येईना."

नंतर बऱ्याच वेळाने, बस उसाच्या पट्ट्यातून जात असताना, ते जणू खिडकीला म्हणाले, "पळत्या जनावराले मारणारा शिकारी असन. पाण्यावर मान घातलेल्याले मारणारा चोर हाय. मी चोर होतो."

त्या दिवशी आम्ही त्यांचा पाणवठा बघायला चाललो होतो. चलथाण मागे पडलं, पुढचा ऊसही मागे पडला की सागाचं जंगल सुरू होतं. त्या जंगलातल्या एका गावाशी आम्ही उतरलो. गावाचं नाव मी लिहिणार नाही; एकदा सांगून झालं आहे.

कोरड्या ओढ्याच्या काठावर सरांनी सिमेंटची एक उथळ बशी बांधली होती. बांधताना तिला एका बाजूने उतार ठेवला होता, पाडस आत घसरलं तर त्याला बाहेर येता यावं म्हणून. पाड्यावरच्या हातपंपाचं पाणी डब्यांनी वाहून ती भरायची. रविवारी सर स्वतः भरायचे, आठवड्याच्या इतर दिवशी पाड्यावरचा एक शेतकरी भरायचा. आमच्याच वयाचा, अबोल माणूस. तो सरांना मास्तर म्हणायचा. बशीच्या शेजारी एका दगडावर जाडं मीठ ठेवलेलं असायचं. उन्हाळ्यात जनावरांना ते लागतं, असं सर म्हणाले. थोडं दूर, पूर्वेच्या अंगाला, पानं झडलेल्या फांद्यांचं एक लपण होतं. बंदूक सोडली तरी सरांनी लपण सोडलं नव्हतं. रविवारी पाणी भरून झालं की ते तिथे दोन तास बसून नुसते बघायचे.

मीही बसलो. ऊन उतरल्यावर सात चितळं आली. पुढची मादी थांबली, कान फिरवले, पाय आपटला, पुन्हा थांबली. त्या थांबण्यात सगळी धास्ती होती. मग तिने एकदाची मान खाली घातली आणि पाणी पिण्याचा बारीक आवाज आमच्यापर्यंत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी खोटं सांगत नाही. पण मी माझ्या मनाची आता पुष्कळ झडती घेतली आहे, आणि त्या क्षणी त्यात आणखी काय होतं हेही मला माहीत आहे. ही गोष्ट सांगायला किती छान आहे, असा विचार तिथे होता.

त्याच चैत्रात संस्थेच्या एका विश्वस्तांनी आम्हा चार-पाच जणांना त्यांच्या शेतावर जेवायला बोलावलं. गृहस्थ डाइंग मिलचे मालक, मनमोकळे, गोष्टींचे शौकीन. मुख्याध्यापकांची निवृत्ती जवळ आली होती. मी पर्यवेक्षक होतो आणि पुढची खुर्ची मला हवी होती. जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं, सरांची नक्कल करा. मी केली. साबण केला, पंखा केला, अधिकाऱ्यांचा पेला केला. लोक पोट धरून हसले आणि मला चेव आला. मग मी पाणवठाही केला. पाय आपटणारी मादी केली.

विश्वस्त हसत नव्हते, ते ऐकत होते. त्यांनी विचारलं, "कया गाम पासे, साहेब?"

मी गाव सांगितलं. फाट्यापासून कोणत्या बाजूला वळायचं ते सांगितलं. चितळं किती वाजता येतात ते सांगितलं. आणि संध्याकाळी वारा कुठून असतो, लपण कोणत्या अंगाला आहे, हे कुणी विचारलं नसताना सांगितलं. मला त्यांचा हेतू माहीत नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावत राहिलो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर बंदूक टांगलेली होती आणि मी तिच्याखालीच बसलो होतो.

दोन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. भूगोलाच्या सरांना वनखात्याने धरून ठेवलं आहे, शाळेतर्फे तुम्ही जाऊन या.

रेंज ऑफिसच्या ओट्यावर सर आणि तो शेतकरी शेजारी शेजारी बसले होते. झालं होतं ते असं. शनिवारी संध्याकाळी एका जीपमधून चार माणसं आली, लपणात बसली आणि त्यांनी दोन माद्या मारून नेल्या. गोळ्यांचा आवाज ऐकून वनरक्षक सकाळी तपासाला पोचले, तेव्हा रविवारचे म्हणून आलेले सर बशीतलं रक्त धूत होते. रक्ताच्या वासाने बाकीची जनावरं पाण्यावर येणार नाहीत, म्हणून धूत होते. वनरक्षकांना दिसलं ते एवढंच: रक्त धुणारा माणूस, शेजारी पाण्याचे डबे, दगडावर मीठ, आणि पलीकडे एक नीट बांधलेलं लपण. चोरटे शिकारी अगदी हीच तयारी करतात. पाणी आणि मीठ ठेवून जनावरांना सवय लावतात.

शेतकरी मला बघून उठला आणि अजिजीने सांगू लागला. मास्तरांनी काही केलं नाही साहेब, ते लोक वेगळे होते. त्यांना रस्ता मीच दाखवला. मी कशाला दाखवला असता? पण ते म्हणाले, "अमे मास्तरनी निशाळना छीए." मास्तरांच्या शाळेतली माणसं म्हटल्यावर मी त्यांना पाणी दिलं, बसायला खाट दिली.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या शाळेतून तिथे आजवर एकच माणूस आला होता.

अधिकाऱ्याने विचारलं, अशी कुणी माणसं तुमच्या माहितीत आहेत का? मी म्हणालो, नाही. त्याला पंचनाम्यावर शिकलेल्या, बाहेरच्या माणसाची सही हवी होती. मला गुजराती उत्तम वाचता येतं. प्राण्यांना आकर्षित करण्याच्या हेतूने पाणी व मीठ ठेवलेले आढळून आले, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. माझी सही सुवाच्य आहे.

त्या शेतकऱ्याला आत टाकणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा सरांनी लिहून दिलं की पाणी, मीठ, लपण सगळं माझंच आहे, या माणसाचा काही संबंध नाही. बंदूक सापडली नव्हती, म्हणून एवढ्या कबुलीवर वनखात्याने त्यांना नुसता दंड करून सोडलं. कागदोपत्री चोरटे शिकारी आमचे भूगोलाचे सर ठरले. ज्याने सबंध उन्हाळा त्यांच्यासाठी पाणी वाहिलं तो गुन्हेगार, आणि ज्याने मान खाली घातलेल्या मुक्या जनावरावर चाप ओढला तो पुढच्याच आठवड्यात संस्थेच्या बैठकीत अध्यक्षस्थानी! विश्वस्त त्या बैठकीत जीवदयेवर बोलले. संस्थेचं नाव, मुलांवरचे संस्कार, सगळ्यावर बोलले. सरांनी राजीनामा द्यावा असं ठरलं. बैठकीत सातजण होतो. शेतावरच्या जेवणाला त्यातले चौघे होते. एकानेही मान वर केली नाही. इतिवृत्त मी लिहिलं.

दोन दिवसांनी मी सरांच्या खोलीवर गेलो. ते पुस्तकं बांधत होते. मी दारातच सुरुवात केली की सर, माझ्याकडून फार मोठी चूक झाली, मला त्या माणसाचा हेतू...

"वारा बी तुम्हीच सांगितला का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मले वाटलंच. नाहीतर मिलवाल्याले काय कळते." त्यांनी गाठ आवळली. "तुम्ही गोष्ट चांगली सांगता, गुरुजी. हाच रोग हाय तुमचा. जिवंत जिनगानी समोर दिसली का तुमच्या तोंडाले पाणी सुटते."

मी म्हणालो, मी वनखात्यात जातो, सही मागे घेतो, पंचनामा खोटा आहे असं लिहून देतो.

"खोटा कसा?" ते उसळले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मी पाणी ठेवलं तेव्हा तो खोटा होता. तुम्ही गाव सांगितलं त्या दिवसापासून तो खरा हाय. आता ते आमिषच हाय. ते चारजण पुन्हा येतीन, त्याहीचे दोस्त येतीन. मी पाणी भरीन, चितळं भरोशानं येतीन आणि हे मारतीन. मंग मारणारा कोण? सांगा ना!"

ते दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माफी मागू नका. रविवारी चला माझ्यासंगं. घण आणा."

मी वनखात्यात नंतर गेलो, हे इथेच सांगून टाकतो. विश्वस्तांचं आणि माझं, दोघांचंही नाव घालून अर्ज दिला. आरोपीने कबुली दिली आहे, प्रकरण बंद झालं आहे, तुमच्याकडे पुरावा काय, असं विचारून त्यांनी तो ठेवून घेतला. त्या अर्जाची एक प्रत मी विश्वस्तांना द्यायला हवी होती. ती दिली नाही. सहा महिन्यांनी मुख्याध्यापकाची खुर्ची मला मिळाली आणि मी तीत बसलो. याला सहा वर्षं झाली.

त्या रविवारी आम्ही दोघे सकाळी निघालो. उन्हं चांगलीच तापली होती. शेतकऱ्याने पहार आणली, पण तो स्वतः हात लावेना. लांब सावलीत पाठ करून बसला. सर म्हणाले, खालच्या अंगाला धरणाचं पाणी आहे, तीन कोस पडतं. आजवर इथे सोय होती म्हणून चितळं तिकडे जात नव्हती. आता जातील. कष्टाने जातील, पण तिथला काठ उघडा आहे, लपायला झुडूप नाही; येणारा माणूस त्यांना लांबून दिसेल.

बशी मजबूत बांधली होती. माझ्या हाताला फोड आले, ते फुटले. सर पहारीने कडा उचकटत होते आणि मी घण घालत होतो. मीठ त्यांनी पोत्यात भरून शेतकऱ्याला दिलं. लपण मोडून फांद्या ओढ्यात टाकल्या. दुपार कलली तेव्हा तिथे सिमेंटचे तुकडे आणि एक ओलसर खड्डा एवढंच उरलं. मला वाटलं, आता निघायचं. सर बसून राहिले. अगदी उघड्यावर.

ऊन उतरलं आणि चितळं आली. सात होती त्यांतली पाच. पुढची मादी थांबली, कान फिरवले. आम्ही तिला समोर दिसत होतो, तरी ती पुढे आली. पाणी ओतणाऱ्या त्या दोघांना लांबून बघायची तिला इतक्या उन्हाळ्यांची सवय होती. त्यात सरांसोबत तो शेतकरी नाही, मी आहे, हे तिला काय कळणार. तिने त्या तुकड्यांमध्ये तोंड घातलं, हुंगलं, आणि आमच्याकडे बघत उभी राहिली, जणू आम्ही आता उठू आणि डबे आणू.

सर खाली मान घालून म्हणाले, "हाकला तिले."

मी हात हलवला, हाड हाड केलं. ती दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा आली.

"असं नाही जाणार ते. दगड मारा. माणसाच्या हाताचं भेव बसलं पायजे."

"सर, तुम्हीच..."

"नाही," ते म्हणाले. "हे तुमचं काम हाय."

मी दगड उचलला. पहिला तिच्यापासून हातभर लांब पडला. बाकीची चौघं उधळली, पण ती तिथेच राहिली, मान वर करून माझ्याकडे बघत. मग मी दुसरा उचलला आणि या वेळी नीट नेम धरला. तो तिच्या मांडीला लागला, आणि ती गेली.